तापातलं पाणी

नंदिगड्डे,
आश्विन शुद्ध २, शके १८४०

चिरंजीव वासूस,

आईचा आशीर्वाद. तुला हवा असो का नसो, मी देऊन मोकळी.

तुझं पत्र पोचलं. चार वर्षांनी लेकाचं पत्र यावं आन् त्यात तीन ओळी असाव्यात! पहिल्या ओळीत, कॅसलरॉकात मानमोडीचा ताप आलाय. दुसरीत, केशरला बांबूच्या गाडीतनं पाठवतोय, सांभाळ. आन् तिसरीत, "तिला तुझं कसलंही औषध द्यायचं न्हाई." खाली सही. आई कशी हाय, एवढं इचारायला शाई संपली काय रे? रेल्वेत माल चढवता-उतरवता शब्दसुद्धा वजन करून टाकायला लागलास जणू.

पोरगी सुखरूप पोचली, त्याला सहा दिस झाले. गाडीवाल्यानं दारात उतरवली तवा मला बघून लखूकाकाच्या धोतराआड लपली. दोन वर्षांची घेऊन गेला होतास, आता सहाची झाली, मला कुठनं ओळखणार? लखूकाकाला पण ओळखलं न्हाई, तरी त्याला मात्र लगेच चिकटली. तुझ्या बाबाचा हा धाकटा भाऊ अजून तसाच हाय. बायको न्हाई, पोर न्हाई, माझ्या चुलीवर जेवायचं आन् माझ्याच आमटीला नावं ठेवायची.

तर तुझी तिसरी ओळ. पाळते मी. औषध देत न्हाई. सकाळी उठल्यावर आलं नि तुळशीची चार पानं घालून उकळलेलं पाणी देते, ते औषध न्हाई. उकड्या तांदळाची पेज देते, वर तुपाची धार. दुपारी कोकमाचं सार. सांजच्याला दुधात हळद. दोन घटका अंगणात उन्हाला बसवते, दिवा लावला की निजवते. ह्याला औषध म्हणत असशील तर मग भाताला पण म्हण. आंगात बळ असलं म्हंजे ताप दारातनं डोकावून परत जातो, एवढं तर तुझ्या रेल्वेचा डॉक्टरसुद्धा सांगेल.

गुणाचं नाव तू काढलं न्हाईस, पण त्या तिसऱ्या ओळीत तोच बसलाय, मला दिसतंय. तुझा थोरला पोरगा तापानं गेला तवा तू अंगणात उभा राहून गावादेखत म्हणालास, "आये, तुझ्या काढ्यानं मारलंस त्याला." आन् दुसऱ्या दिवशी माझी सून कमल नि केशर, दोघींना घेऊन चालता झालास. अरे, काढ्यात होतं काय? अडुळसा, मिरी, गवती चहा, गूळ. त्यानं कोण मरतं? तोच काढा मी थंडीत रोज पिते आन् मी ही अशी जिती हाय. ह्या बाबतीत मला आणखी काही सांगायचं न्हाई.

काल गावानं शीव बांधली. आपल्या गावचा म्होरक्या बुधवंत, भिकाजी, त्यानं कौल लावला, राखणदार देवाला नारळ दिला, आन् चारी वाटांवर गवताचा दोर आडवा बांधला. दिवाळीपत्तूर आतला बाहेर न्हाई, बाहेरचा आत न्हाई. टपालवाला तुकाराम दर तिसऱ्या दिवशी शिवेच्या धोंड्यावर पत्रं ठेवून जातो, आमची घेऊन जातो. तुझं पत्र भिकाजीनं धुरावर धरून मग माझ्या हातात दिलं. अजून त्याला धुपाचा वास येतोय. शीव बांधल्यावर ती मोडणाऱ्याला गाव घरात ठेवत न्हाई, हे तुला म्हाईत हाय. तवा लेक भेटायला म्हणून उगीच येऊ नगंस. पोरगी हितं दोराच्या आत सुखरूप हाय.

कमलला जप. तू कसा हाईस ते तू लिहिलं न्हाईस, म्हणून मी इचारत न्हाई.

तुळजा


आश्विन शुद्ध ५

वासू,

कमलला ताप आलाय हे आज वाचलं. तीन दिस झाले आन् तू आत्ता लिहितोस? अंग ठणकतंय, खोकल्यानं छाती धरलीय, तोंडाला चव न्हाई, घास गिळत न्हाई. एवढं सगळं लिहून शेवटी लिहितोस, "काय करावं कळत न्हाई." हे तू मला इचारलंस असं मी धरते. इचारलं न्हाईस म्हणालास तरी मी सांगणार हाय.

हे पत्र घेऊन लखूकाका येतोय. भिकाजीला इचारून पाठवलाय, त्यानं सूट दिलीय, तवा त्या काळजीत पडू नगंस. गाठोडं तुकारामाकडंच देणार होते, पर त्यानं चटका लागल्यागत उडी मारली. म्हणतो, "तुळजाक्का, सरकारी थैलीतनं मी मुंगळे न्हेणार न्हाई, माझी चाकरी जाईल." मेलेले हाईत म्हटलं, भाजून वाटलेत म्हटलं, तरी हात लावीना. बांबूच्या गाड्या तर चार दिस झाले बंदच हाईत, गाडीवालेच आजारी.

गाठोड्यात काय हाय ते ऐक. पानाच्या द्रोणात हुमल्यांची चटणी हाय. कमल लोंढ्याची पोर, तिला हुमले म्हाईत नसतील. सांग तिला, झाडावर पानं शिवून घरटं करतात ते तांबडे मुंगळे. बघून किंचाळू नगं म्हणावं. काजूच्या झाडावरचं घरटं लखूनं उतरवलं, दोन्ही हात सुजवून घेतले. मीठ, मिरची, लसूण घालून वाटलीय, खोबरं घातलं न्हाई म्हंजे टिकेल. चिमूटभर जिभेला लावायची. अशी आंबट लागती की मेलेली जीभ जागी होती. जीभ जागी झाली की पेज जाती, पेज गेली की बळ येतं. बाकी कोकमाची सोलं, सुंठ, मिरी, हळकुंडं हाईत. सुंठ उगाळून कपाळाला लाव. निलगिरीची पानं टाकून वाफ दे, पर डोळे झाकून.

आन् मुख्य गोष्ट, ताप चढला की पाणी तोडायचं. तुला म्हाईत हाय, तरी लिहिते. कितीबी मागू दे, तापात पाणी म्हंजे निखाऱ्यावर तेल. कापूस ओला करून ओठ पुसायचे, बस्स. ताप उतरला की मग घोट. माझ्या आयेनं सात पोरं अशीच वाढवली.

केशर मजेत हाय. लखूकाका निघाला म्हणून मघाशी रुसली होती. तिला सांगितलंय, काका तुझ्या आईला खाऊ द्यायला चाललाय.

कमल उठली की लखूबरोबर दोन ओळी पाठव. दोन चालतील. तीन नकोत, तुझी तिसरी ओळ मला सोसत न्हाई.

आई


आश्विन शुद्ध १२

वासू,

लखू परत आला. कमलचा ताप अजून हाय पर खोकला सैल झालाय म्हणाला. चटणी बघून ती हसली म्हणाला. आजारात हसली म्हंजे चांगली खूण हाय.

केशर बरी हाय.

लखू सांगत होता, तू कमलच्या उशाशी बसून पळी-पळीनं पाणी घालत होतास. दिवसभर. ताप चढलेला असताना! मी त्याला म्हटलं, तुझी नजर चुकली असेल. तो म्हणतो, न्हाई वैनी, रेल्वेच्या डॉक्टरनं सांगितलंय, उकळून गार केलेलं पाणी पाजत राहा, जेवढं जाईल तेवढं. वासू, कोण हा डॉक्टर? वय काय त्याचं? त्याच्या हातून किती माणसं उठली आन् किती न्हाई, तुला म्हाईत हाय का? सहज इचारते.

आणखी एक सहज इचारते. कमलचा ताप आला तो एकदम चढला, का आधी दोन दिस अंग कसकसलं? नाकातनं रगत आलं का? ओठ काळेनिळे झाले का? न्हाई, हितं कुणाला काही न्हाई. शीव बांधलेली हाय, हितं कुठनं येणार? गावातल्या बायका इचारतात म्हणून.

लखू दमलाय. एवढी रानातली वाट, त्याचं वय काय थोडं न्हाई. तो मागच्या खोपीत निजतो, चार दिस आराम करू दे म्हटलं. भिकाजी दोनदा येऊन इचारून गेला, लखू दिसत न्हाई कुठं? मी म्हटलं, पाय मुरगळलाय.

केशर बरी हाय. आत्ता माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. दुपारची निजायची सवय न्हाई ना तिला? असंल. नव्या जागी पोरं पेंगतात.

त्या पाण्याचं मला नीट कळव. हे पत्र मिळेल त्याच दिवशी लिही.

आई


आश्विन वद्य १

वासू,

तुकारामानं परवा ठेवलेलं तुझं पत्र आज शिवेच्या धोंड्यावर मिळालं. त्याच्यावर आता कुणी धूर धरला न्हाई, का ते पुढं लिहिते. कमल उठून बसली, पेज प्याली, चटणी मागून खाल्ली. देव पावला. तू पहिल्यांदा पानभर लिहिलंस. आन् शेवटी लिहिलंस, "केशर सुखरूप हाय, मजेत हाय, असं तू दोन्ही पत्रांत लिहिलंस, ते वाचून पाठ टेकली, आठ दिसांत पहिल्यांदा झोप लागली."

ती झोप मी मोडते आता. पोरा, मी खोटं लिहिलं.

भिकाजीनं सूट दिली नव्हती. मी त्याला इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर न्हाई म्हणाला असता, आन् बरोबर म्हणाला असता. तू इतक्या वर्षांनी "कळत न्हाई" म्हणालास, मला वाटलं आता लेक मागतोय, आता दिलं न्हाई तर परत कवा मागणार? मला कमलला बरं करायचं होतं, व्हय. पर माझ्या हातच्या चटणीनं बरं करायचं होतं. तुला दाखवायचं होतं. भर दुपारी गाव जेवायला बसलं तवा मी लखूला मागच्या ओढ्यातनं बाहेर काढला. तो येताना तसाच ओढ्यातनं आला. तो म्हणत होता, वैनी, मी चार दिस रानातच राहतो, मग आत येतो. मी म्हटलं, कुणी बघितलं तर? ये गपचूप आत. हे शब्द माझे हाईत.

दुसऱ्या दिवशी त्याला ताप चढला. पोरगी त्याच्या कुशीत बसून तुमच्या गोष्टी इचारत होती, आईनं खाऊ खाल्ला का, बाबा काय म्हणाले. मी तिला तिथनं उचललं तवा उशीर झाला होता. शुद्ध बारशीला माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं म्हणून लिहिलं ना, ते डोकं तापलेलं होतं. मला हाताला कळत होतं आन् मी तुला पेंगतेय म्हणून लिहीत होते.

लखू गेला. काल सकाळी, गुरं सोडायच्या वेळी. सगळं केलं मी त्याचं. काढा दिला, सुंठ लावली, वाफ दिली, हुमल्यांची चटणी जिभेवर ठेवली. आन् पाणी तोडलं. तो भला माणूस, वैनी म्हणेल ते ऐकणारा. मागितलं फक्त एकदा. मी मान हलवली तर पुन्हा मागितलं न्हाई. पर त्याचे डोळे त्या कोपऱ्यातल्या मडक्यावरनं हलले न्हाईत. जीभ अशी झाली होती, चामड्याच्या चपलेगत. शेवटी शेवटी बोलताच येईना.

रडायचं आवरत न्हाई म्हटल्यावर गाव गोळा झालं. भिकाजी अंगणाच्या कडेला लांब उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, "तुळजाक्का, शीव तुम्ही मोडलीसा. माझ्या घरात चार नातवंडं हाईत." लखूला गावाला लांब ठेवून चौघांनीच नेला. आन् मला म्हणाले, नातीला घेऊन शिवेबाहेर जा. शिक्षा म्हणून न्हाई म्हणाले, पर शिक्षाच की ती. तांदूळ, मीठ, गूळ धोंड्यावर आणून ठेवतात, मला उपाशी मारणार न्हाईत. आम्ही दोघी उतारावरच्या रानातल्या खोपीत हाओत, जिथं तुझा बाबा पीक राखायला बसायचा.

केशरच्या तापाला आज चार दिस झाले. हात लावला तर भाजतं. खोकून खोकून बरगड्या धरती. कालपासनं एकच धोशा, "आज्जी, पाणी." मी ओठ पुसते. ती कापूस चोखती, मी काढून घेते. ती पुन्हा म्हणती, "आज्जी, पाणी."

तुझा डॉक्टर म्हणतो पाजा. माझी आये म्हणत होती तोडा. तू पानभर पत्र लिहिलंस पर माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं न्हाईस, म्हंजे माझं बारशीचं पत्र तुला अजून मिळालंच नसणार. आता उत्तर आलं तरी सहा दिस. सहा दिस हिच्याजवळ न्हाईत, वासू. मला दिसतंय ते. तिची जीभ लखूसारखी व्हायला लागलीय.

तुकाराम उद्या येईल, तवा हे पत्र जाईल. तोवर काय होतंय ते खाली लिहिते.


तोच दिवस, दुपार

मडकं समोर घेऊन बसलेय.

पाजलं आन् ती गेली, तर तू म्हणशील, आयुष्यभर जे म्हणत आलीस ते सुद्धा शेवटी मोडलंस. न पाजता गेली, तर तू काहीच म्हणणार न्हाईस, तू परत कधी पत्र लिहिणार न्हाईस. मी तुझ्या शिव्यांना भीत न्हाई, तुला म्हाईत हाय. मी हिला भिते. ती आता पाणी मागायची सुद्धा थांबली. मघाशी माझ्याकडं बघून मान वळवली आन् कुडाच्या भिंतीकडं तोंड केलं. सहा वर्षांच्या पोरानं एवढं समजूतदार होऊ नये रे.

लखू पण असाच थांबला होता.

पाणी उकळायला ठेवलंय. आयेचा आवाज कानात येतोय, तुळजे, काय करतीयास? आये, मला गप्प बसू दे आता, तुझी सात जगली, माझ्यासमोर एक मरतंय.

दिलं. एक पळी. ठसका लागला, मला वाटलं संपलं. मग तिनं डोळे उघडले आन् पळी दातानं धरून ठेवली, सोडीना. दुसरी दिली. तिसरी दिली. पेजेची निवळ, त्यात मीठ नि गुळाचा खडा. थांबून थांबून देतेय, तू देत होतास म्हणाला लखू, तशी.

काय होणार हाय मला म्हाईत न्हाई. मी आता लिहीत न्हाई.


आश्विन वद्य ९

वासू,

केशर वाचली.

आधी हेच लिहिते, म्हंजे पुढचं वाचायला तुझ्यात धीर राहील. पाचव्या दिवशी घाम फुटला, अंगावर पांघरलेलं माझं पातळ पिळून काढलं एवढा. सहाव्या दिवशी हाक मारली. आज भिंतीला टेकून बसलीय, कोकमाच्या साराला नाक मुरडती, मला म्हणती, "आज्जी, तू लई बडबड करतीस." तुझीच लेक. पाय अजून काटकुळे हाईत, दोन पावलं टाकली की बसती. उन्हात बसवते. चटणी पहिल्यांदा चाखली तवा तोंड असं केलं की मला हसू आलं, आन् मग ते थांबेचना, हसता हसता रडले.

गावात आणखी कुणाला झालं न्हाई. भिकाजीची नातवंडं बरी हाईत, तो धोंड्यापाशी येऊन ओरडून सांगून गेला, आन् जाता जाता केशरसाठी मधाचं पोळं ठेवून गेला. लखूच्या दहाव्याला माझ्याकडनं पिंड ठेवायला माणूस न्हाई, तो भिकाजी ठेवणार हाय.

तुझं पत्र पोचलं. तू मला शिव्या दिल्या न्हाईस. लिहिलंस, "आये, पाजलंस ते चांगलं केलंस. लखूकाका माझ्यापायी गेला, तुझ्या एकटीमुळं न्हाई." वाचून मी दिवसभर पत्र कनवटीला बांधून फिरले. पर वासू, तू मला चांगलं म्हणण्याआधी तुला एक गोष्ट म्हाईत पाहिजे. ही मी चार वर्षं कुणाला सांगितली न्हाई. देवाला सुद्धा तोंड वळवून दिवा लावला.

दोघांना एकच ताप होता. लखूला नि केशरला. एकच काढा, एकच सुंठ, एकच वाफ, एकाच द्रोणातली चटणी. लखू धडधाकट गडी, केशर मुठीएवढी पोर. तो गेला, ही राहिली. दोघांत मी एकच गोष्ट येगळी केली.

आठ दिस मी ह्याच्यावरच बसलेय. मी स्वतःला सांगितलं, हिचं नशीब, हिचं कोवळं रगत, देवाची मर्जी. असंलही. मी काय डॉक्टर न्हाई. पर एकदा ते मनात शिरलं आन् मग ते लखूपाशी थांबेना. मागं मागं गेलं.

गुणा पाणी मागत होता, वासू.

तू डॉक्टरला आणायला सुप्याला गेला होतास. कमलला मी खोलीत येऊ दिलं न्हाई, म्हटलं कडेवर दोन वर्षांची पोर हाय, तू लांब राहा. आत मी आन् तो, दोघंच. दीड दिवस. तो लखूसारखा शहाणा नव्हता, तो रडला. माझा पदर धरून म्हणाला, "आज्जी, थोडंच दे. तळाशी असतं तेवढंच." मी त्याला गोष्ट सांगितली. मडकं दिसू नये म्हणून त्याच्यावर टोपली पालथी घातली. मग तो मागायचा थांबला. मला वाटलं, उतार पडला. मी देवाला हात जोडले.

तू आलास तवा तो गेलेला होता. तू काढ्याचं भांडं बघितलंस, ओरडलास, काढ्यानं मारलंस म्हणालास. आन् मला सुटल्यागत झालं. कारण काढ्यानं कुणी मरत न्हाई, हे मला पक्कं म्हाईत होतं. तू जेवढा काढ्याला शिव्या देत गेलास, तेवढी मी काढ्याच्या बाजूनं भांडत राहिले. भांडता भांडता मला दुसऱ्या गोष्टीकडं बघायला लागलं न्हाई. पर ती तिथं होती. मी रोज पाणी पिताना ती तिथं होती.

मला म्हाईत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं हाय. माझ्या आयेला पण म्हाईत नव्हतं. पर गुणाचा आवाज मला ऐकू येत होता, तो ऐकायला काही म्हाईत असायला लागत न्हाई.

आता तू ठरव. गाव दोराच्या आत हाय, मी बाहेर. तुला यायला कुणाला इचारायला नगं, कुणी अडवणार न्हाई. कमलच्या अंगात चालायचं बळ आलं की दोघं या आन् पोरीला घेऊन जा. माझ्याशी बोलायचं नसंल तर मी त्या वेळी ओढ्यावर जाऊन बसेन, तू खाली उतरलास की मग येईन. आन् बोलायचं असंल तर मी आत हाय. गुणाबद्दल जे इचारशील ते सांगेन. काही राखून ठेवणार न्हाई.

केशर हाक मारतीय. पाणी मागतीय. उठते.

तुझी आई,
तुळजा